कुत्रा चावल्यावरचे अठ्ठावीस दिवस: माणसासाठी आणि घोड्यासाठीही

"गोव्यात आता रेबीज राहिलाच कुठे?" हे वाक्य पेडण्यापासून काणकोणपर्यंत सहज कानावर येतं. त्यामागे खूप मोठं काम आहे. मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांच्या मोहिमेत गेल्या दशकात वाड्यावाड्यांवर जाळी घेऊन कुत्री पकडली गेली, लस टोचून सोडली गेली आणि वर्षाला सुमारे ९५,००० कुत्र्यांपर्यंत मजल गेली. शाळांशाळांतून मुलांनाही शिकवलं गेलं. २०२१ मध्ये राज्य 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झालं. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले, असा निष्कर्ष २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आला.

पण नियंत्रित म्हणजे मुक्त नव्हे. दोडामार्ग, बांदा, खानापूर, कारवार या बाजूंनी येणाऱ्या कुत्र्याला किंवा कोल्ह्याला सीमेवर कुणी अडवत नाही. भारतात वर्षाला सुमारे ५,७२६ माणसं रेबीजने दगावतात, असा अंदाज आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०२२-२३ मधल्या सर्वेक्षणावरून निघाला आहे. त्याच सर्वेक्षणात कुत्रा चावलेल्या दर पाच जणांपैकी एकाने एकही डोस घेतलेला नव्हता. रोग कमी झाला की भीती कमी होते, आणि भीती कमी झाली की लोक लस अर्ध्यावर सोडतात. गोव्याला आज धोका आहे तो याचा.

विषाणूला मेंदूपर्यंत पोचायला वेळ लागतो

रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. चावल्यावर लाळेतून तो स्नायूत शिरतो, काही काळ तिथेच वाढतो आणि मग जवळच्या मज्जातंतूच्या टोकात घुसतो. एकदा आत गेला की पेशीच्या स्वतःच्या वाहतूक यंत्रणेवर बसून उलट्या दिशेने पाठीच्या कण्याकडे आणि पुढे मेंदूकडे सरकतो. बहुतेकांत लक्षणं एक ते तीन महिन्यांत दिसतात. जखम चेहऱ्यावर, मानेवर किंवा हाताच्या बोटांवर असेल तर लवकर, कारण तिथे मज्जातंतूंची दाटी असते आणि चेहऱ्यापासून मेंदू जवळ.

सगळे उपचार याच हिशेबावर उभे आहेत. विषाणू मज्जातंतूच्या बाहेर असेपर्यंत साबण, प्रतिपिंडं (विषाणूला निकामी करणारी रक्तातली प्रथिनं) आणि लस त्याला गाठू शकतात. आत शिरल्यावर प्रतिपिंडं तिथे पोचत नाहीत. पाणी बघून घसा आवळणं, वाऱ्याच्या झुळकीने दचकणं, चावल्या जागी मुंग्या येणं ही लक्षणं सुरू झाली की हाताशी खात्रीचा उपाय उरत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत एका १५ वर्षांच्या मुलीला औषधांनी बेशुद्ध ठेवून वाचवण्यात यश आलं, पण तीच पद्धत नंतर बहुतेक रुग्णांत अपयशी ठरली. म्हणून जे करायचं ते लक्षणांच्या आधी.

पहिली १५ मिनिटं: नळ आणि साबण

दवाखान्यात धावण्याआधी जखम धुवा. घड्याळ लावून १५ मिनिटं. हा आकडा मनाने ठरवलेला नाही, जागतिक आरोग्य संघटनेची हीच सूचना आहे. दोन मिनिटांत जखम स्वच्छ दिसायला लागते आणि लोक नळ बंद करतात. सगळ्यात जास्त चूक इथे होते.

रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं. साबण ते विरघळवतो आणि विषाणू निकामी होतो. अंघोळीचा, कपड्यांचा, भांड्यांचा कुठलाही साबण चालतो. फेस जखमेच्या तळापर्यंत जायला हवा. सुळ्याने भोक पडलं असेल तर वरचं तोंड इवलंसं दिसतं, पण आत ते सेंटीमीटरभर खोल असू शकतं. धुणाऱ्याने हातमोजा घालावा, नसेल तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी, कडा बोटांनी अलगद फाकवाव्यात आणि धार थेट भोकावर सोडावी. ब्रशने घासू नका. पावसाळ्यात वीज गेली, टाकी रिकामी झाली तर दोन बादल्या भरून घ्या आणि तांब्याने उंचावरून धार धरत राहा. मोटारसायकलवर असताना वाटेत चावला असेल तर पहिल्या घरी, पहिल्या देवळाच्या नळावर थांबा.

धुतल्यावर पाणी टिपून पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. बाकी काही नको. मिरची पूड, चुना, हळद, तंबाखू, तेल यांतलं काहीही जखमेत भरलं तर पेशी भाजतात, विषाणूसाठी मज्जातंतूंची टोकं आणखी उघडी पडतात, आणि डॉक्टरांना खोली कळत नाही. घट्ट पट्टी बांधू नका. टाके शक्यतो टाळायचे. चेहरा फाटल्यामुळे घालावेच लागले तर प्रतिपिंडं टोचून काही तास गेल्यावर, सैल आणि कमीत कमी.

चावून एक दिवस झाला, चार दिवस झाले, तरी धुवा आणि दवाखाना गाठा. लहान मुलं ओरडा बसेल म्हणून ओरखडे लपवतात. मूल घाबरून घरी आलं की आधी विचारपूस करा, मग हातपाय उजेडात नीट बघा.

कुठली जखम किती गंभीर

जखमांचे वर्ग तीन आहेत. धडधाकट कातडीवर प्राण्याने चाटलं, त्याला हात लावला, खाऊ घातलं: पहिला वर्ग, धुणं पुरे. रक्त न येता ओरखडा किंवा दातांचे वळ: दुसरा, लस हवी. कातडी फुटून रक्त आलं, एक थेंब असो की धार. आधीच्या जखमेवर प्राण्याने चाटलं. डोळ्यात, ओठाच्या आत, नाकात लाळ गेली. वटवाघळाशी संपर्क आला: तिसरा, लस आणि प्रतिपिंडं दोन्ही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाचा दुसरा वर्गही तिसरा धरतात.

कुत्र्यासारखेच मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, गाय, म्हैस, घोडा यांच्या चाव्यातूनही संसर्ग होऊ शकतो. घरातल्या उंदराच्या चाव्याला सर्वसाधारणपणे रेबीजची लस लागत नाही. गरोदरपण, स्तनपान, ताप, मधुमेह यांतलं काहीही लस टाळण्याचं कारण नाही.

कुत्रा ओळखीचा आहे, त्याला लस दिली आहे म्हणून थांबून बघू, हे करू नका. उपचार लगेच सुरू करायचे आणि सोबत कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायची. तो १० दिवसांनी खातापिता, जसाच्या तसा असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. तोवर तुमचे तीन डोस झालेले असतात; पुढचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतात. हे तीन डोस पुढच्या आयुष्यात कामाला येतात. हा १० दिवसांचा नियम कुत्रा आणि मांजर यांनाच लागू आहे. घोड्याला, गाईला, माकडाला नाही.

लस: दोन दंड, चार फेऱ्या

सरकारी केंद्रांत बहुधा कातडीत टोचण्याची पद्धत वापरतात. दर वेळी ०.१ मिली, दोन्ही दंडांवर एकेक, असे दिवस ०, ३, ७ आणि २८. पहिला डोस ज्या दिवशी, तो ० दिवस. चावल्याचा दिवस नव्हे. सोमवारी सुरुवात झाली तर गुरुवारी दुसरी फेरी, पुढच्या सोमवारी तिसरी आणि पहिल्या सोमवारपासून बरोबर चार आठवड्यांनी चौथी.

टोचताना लक्ष ठेवा. सुई कातडीला जवळजवळ समांतर जाते आणि औषध सोडताच मसुराएवढा पांढुरका फुगवटा उठतो, त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे दिसतात. फुगवटा उठला नाही तर औषध कातडीखाली गेलं. तो डोस त्याच वेळी जवळच्या जागी पुन्हा द्यायचा असतो. नम्रपणे सांगा, परिचारिका ऐकून घेतात. स्नायूत देण्याच्या पद्धतीत दर वेळी पूर्ण कुपी लागते आणि दिवस असतात ०, ३, ७, १४, २८. जागा दंडाचा स्नायू, लहान मुलांत मांडीची बाहेरची बाजू. नितंबात कधीच नाही, कारण तिथल्या चरबीतून लस नीट शोषली जात नाही.

एखादी तारीख चुकली तर कोर्स पुन्हा पहिल्यापासून नको. आठवेल त्या दिवशी जा आणि पुढे चालू करा. चतुर्थीच्या आणि शिगम्याच्या दिवसांत तारखा सहज चुकतात. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि चारही दिवसांचा गजर आजच लावा.

प्रतिपिंडं: लोक याला 'सिरम' म्हणतात

लस शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते, पण त्याला सात ते चौदा दिवस लागतात. तोवर जखमेतला विषाणू मोकळा राहू नये म्हणून तिसऱ्या वर्गात तयार प्रतिपिंडं जखमेतच टोचतात. ही पायरी वगळली गेल्यामुळे लस घेऊनही माणसं दगावली आहेत, म्हणून तिच्यासाठी आग्रह धरा.

प्रकार तीन. घोड्याच्या रक्तातून काढलेलं इम्युनोग्लोब्युलिन दर किलो वजनाला ४० युनिट, माणसाच्या रक्तातलं दर किलोला २० युनिट, आणि प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडं, ज्यांची मात्रा उत्पादनागणिक वेगळी. भारतात सिरम इन्स्टिट्यूटच्या रॅबिशील्डला २०१६ मध्ये परवाना मिळाला. त्याची मात्रा दर किलोला ३.३३ युनिट. हिशेब करून बघा. ६० किलोच्या माणसाला घोड्याचं सिरम २,४०० युनिट लागतं. एका मिलीत ३०० युनिट असतील तर ८ मिली. १५ किलोच्या मुलाला ६०० युनिट, म्हणजे २ मिली. मुलाला पाच ठिकाणी चावा असेल तर २ मिली पुरत नाही. अशा वेळी मात्रा न वाढवता निर्जंतुक सलाइन घालून पातळ करायचं आणि प्रत्येक जखमेत थोडं थोडं सोडायचं. एकही जखम सोडायची नाही.

आधी पद्धत अशी होती की जखमेत मावेल तेवढं द्यायचं आणि उरलेलं मांडीच्या स्नायूत. २०१८ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनी ती बदलली: दूरच्या स्नायूत दिलेल्याचा फारसा उपयोग नाही, जखमेच्या आत आणि कडेने दिलेलंच कामाचं. यामुळे कमी साठ्यात जास्त रुग्णांचं भागतं. बोटाच्या टोकावर जागा कमी असते. तिथे जोर लावून जास्त भरलं तर रक्तपुरवठा दबतो, म्हणून सावकाश आणि थोडंच.

पहिल्या डोससोबत सिरम मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत घेता येतं. त्यानंतर नको, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं यायला लागतात. लस प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, पण सिरम सगळीकडे असेलच असं नाही. वाळपई किंवा सांग्याहून निघण्याआधी फोन करून "सिरम आहे का?" एवढं विचारा, नसेल तर पहिला डोस तिथेच घ्या आणि म्हापसा किंवा मडगावचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) गाठा. चेहऱ्याला मोठी जखम असेल, रक्त थांबत नसेल तर १०८.

घोड्याच्या सिरमची भीती बाळगू नका. घोड्याला रेबीजची लस वारंवार देऊन त्याच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडं तयार करतात, रक्तातला द्रव वेगळा काढतात आणि पेप्सिन या पाचक द्रव्याने प्रतिपिंडांचा तो भाग छाटतात ज्याने ॲलर्जी होण्याची शक्यता असते. त्यामुळे आजचं सिरम पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. टोचण्याआधीची कातडीवरची चाचणी आता आवश्यक मानली जात नाही. मात्र तीव्र ॲलर्जीवरचं औषध ॲड्रिनॅलिन हाताशी ठेवून अर्धा तास बसवून ठेवतात. आठवड्या-दीड आठवड्याने सांधे दुखले, अंगावर पित्त उठलं तर तो सिरमचा त्रास असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, पण लसीची पुढची फेरी सोडू नका.

ज्यांनी आधी पूर्ण कोर्स घेतला आहे त्यांना पुन्हा चावा झाल्यास ० आणि ३ या दिवशी दोनच फेऱ्या आणि सिरम नको. म्हणूनच पशुवैद्य, कुत्री पकडणारे आणि घोड्यांचे मोतद्दार यांनी चावा होण्याआधीच लस घ्यावी: दिवस ०, ७ आणि २१ किंवा २८.

तबेल्यात

गोव्यात घोडे मोजकेच, पण किनाऱ्यावर फेरी मारणारे आणि शिकवणीचे घोडे दिवसभर भटक्या कुत्र्यांच्या सहवासात असतात. घोडा कुतूहलाने मान खाली घालून हुंगतो, म्हणून चावा बहुधा नाकपुडीवर, ओठावर किंवा पायाच्या खालच्या भागात होतो. तोही केसांत लपतो. रोज खरारा करताना ओठ आणि गुडघ्याखालचा भाग बोटांनी चाचपायची सवय लावा.

घोड्यातला रेबीज ओळखणं कठीण असतं. पिसाळलेला घोडा चवताळेलच असं नाही. कधी तो एका पायाने लंगडतो, कधी पोटशूळ झाल्यासारखा लोळतो, कधी मागचा भाग लुळा पडतो, कधी स्वतःचाच पाय चावून काढतो. सर्वांत धोक्याचं लक्षण तोंडातून लाळ गळणं आणि गिळता न येणं. घशात चारा अडकला असं वाटून मोतद्दार तोंडात हात घालतो, आणि एका घोड्यापासून चार-पाच माणसांना सिरम घ्यायची वेळ येते. लाळ गळणाऱ्या, विचित्र चालणाऱ्या घोड्याच्या तोंडात हात घालण्याआधी लांब हातमोजे, मास्क आणि चष्मा घाला, किंवा पशुवैद्य येईपर्यंत थांबा. लक्षणं दिसल्यावर घोडा सहसा काही दिवसांतच मरतो.

प्रतिबंध सोपा आहे. मोठ्या घोड्याला वर्षातून एकदा रेबीजची लस, स्नायूत, सहसा १ मिली. लेबल वाचून खात्री करा. जागा मानेचा त्रिकोण: खांद्याच्या पुढे, मणक्यांच्या रांगेच्या वर आणि आयाळीखालच्या जाड बंधाच्या खाली. लस दिलेल्या घोडीच्या शिंगराला पहिला डोस सहा महिन्यांनंतर, कारण तोवर आईच्या चिकाच्या दुधातली प्रतिपिंडं लसीला निष्प्रभ करतात. दुसरा चार ते सहा आठवड्यांनी, मग वर्षाचं होताना आणखी एक. गाभण घोडीला विण्याआधी चार ते सहा आठवडे. धनुर्वाताची लस वेगळ्या बाजूला द्या. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा फ्रिज उघडू नका, आत थर्मामीटर ठेवा आणि गोठलेली कुपी वापरू नका.

कुत्रा घोड्याला चावला तर हातमोजे घालून त्याची जखमही १५ मिनिटं साबणाने धुवा. लस चालू असलेल्या घोड्याला लगेच बूस्टर आणि ४५ दिवस नजर. लस कधीच न दिलेल्या घोड्याबाबत निर्णय पशुवैद्याचा; सहा महिने वेगळं ठेवावं लागू शकतं. त्या काळात एकच माणूस, एकच बादली, एकच खरारा, आणि सवारी बंद. त्याच्या लाळेशी कोणाकोणाचा संपर्क आला त्यांची नावं तारखेसह वहीत लिहा. घोडा संशयित ठरला तर हीच यादी घेऊन दवाखान्यात जायचं आहे.

घोडा मेला तर डोकं स्वतः फोडू नका. कुऱ्हाडीने उडालेले तुकडे डोळ्यात जाणं म्हणजे तिसरा वर्ग. पशुसंवर्धन खात्याला कळवा; मेंदूचा नमुना त्यांनी घ्यायचा, बर्फावर पाठवायचा, फॉर्मॅलिनमध्ये नाही. निदान होईपर्यंत ठाण रिकामं ठेवा, फरशी आणि गव्हाण आधी साबणाने धुऊन मग ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, आणि यादीतल्या प्रत्येकाचा पहिला डोस प्रयोगशाळेच्या उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी द्या.